उभ्या पडद्यावरचे आडवे टॉपर

काढतो म्हनलं ना बाई, काढतो बोर्डावरून तुझा फोटो — एकदा सोडून तीनदा म्हनलं — पन आधी त्याला उभा तर करू दे! बघ की, आडवा पडलाय. तू बी आडवी, तुझ्या शेजारचा बी आडवा, झाडून सगळे टॉपर आडवे — दवाखान्यात भरती केल्यावानी. आता आडव्या पडद्यावरून तुझाच फोटो बराबर कसा काढू? मान वाकडी करून करून सकाळपासून माझीच मान धरली. बस तू, त्या खुर्चीवर बस. रेणुका ना? हां, नाव बी आडवंच दिसून राहिलं, म्हनून विचारलं. मी बजरंग. क्लासचं ऑफिस, फी, मेसवाल्यांची भांडनं, कॉम्प्युटर — सगळं माझ्याकडंच. शिकवनं तेवढं सर करतात, गुरुबसप्पा सर. ते पाहुन्याला आनायला गेलेत, येतील आता घडीभरात. आल्याबरुबर ह्या बोर्डाचं उद्घाटन हाय, आन बोर्डावरची पोरं झोपलेली. माझी नोकरी ऱ्हाती का बघ आज.

टीव्ही उभा का लावला, असंच म्हनतीस ना? कोनी बी म्हनंल. अगं, ही चौकट हाय ना, सोनेरी पट्ट्यांची, कमानीची — इथं दरसाली टॉपरचं फ्लेक्स लागतंय, उभं. सर म्हनले यंदा डिजिटल करू, समोरच्या क्लासनं केलंय. टीव्ही आनला आडवा, चौकट उभी. मी म्हनलं चौकट काढू. सर म्हनले, खबरदार, माझ्या वडलांच्या हातची पूजा झालीय तिची, दर निकालाला नारळ फुटतो तिच्यापुढं. मग काय, मिस्त्रीनं टीव्हीच उभा केला आन वर ग्रॅनाईटची पट्टी मारून टाकली. आता टीव्ही हलत न्हाई, चौकट हलत न्हाई, राहिलं कोन? निस्तं चित्र. आन चित्र कोनाच्या हातात? — ह्याच्या. ये, मागं वाकून बघ. पत्त्यांच्या जुडीएवढा कॉम्प्युटर हाय. एका पाटीवर सगळं, सिंगल बोर्ड म्हनतात. मोबाईलच्या चार्जरवर चालतंय. नांदेडच्या दुकानदारानं गळ्यात मारलं — आत विंडोज न्हाई, लिनक्स हाय, व्हायरस येत न्हाई म्हनला. बराबर हाय त्याचं. व्हायरस येत न्हाई, मला बी काही येत न्हाई, आन तो आता फोन उचलून न्हाई राहिला.

हां, चालूच हाय माझं काम, दिसत न्हाई का, टाईपच करून राहिलो. व्हिडिओत एकानं सांगितलं, हा सुरू होताना एक फाईल वाचतो, तिच्यात ओळ घाला, चित्र नव्वद अंश फिरंल. घातली ओळ. बंद केला, चालू केला. काही न्हाई. पुन्हा घातली. न्हाई. तव्हा कळलं की ती रीत जुन्या लिनक्सची. नव्यात ती फाईल बी असती, ओळ बी असती, निस्तं तिचं कोनी ऐकत न्हाई — आपल्या जिन्याखाली सूचना पेटी हाय ना, तिच्यावानी. मग दुसऱ्यानं हुकूम सांगितला. तो टाईप केला तर हे म्हनतंय, डिस्प्ले उघडता येत न्हाई. आरं बाबा, भिंतभर उघडा पडलाय समोर, अजून किती उघडू!

पन तू अशी रुसून का बसलीस? तुझा फोटो लावला, शिवी तर दिली न्हाई. लोक पाया पडतात, आमच्या पोराचा लावा म्हनून. — इथं शिकलीस न्हाई? कोन म्हनतंय शिकलीस? पन आपली टॅलेंट परीक्षा दिली होतीस का न्हाई, देगलूरला, मंगल कार्यालयात? दिली ना? समोसा बी खाल्ला असशील. झालं तर मग! ज्यानं आपला पेपर दिला तो आपला विद्यार्थी, असा हितला रिवाजच हाय. ट्युशन एरियात कुठं बी विचार. आन तुझे मार्क बघून सर म्हनले, ही पोरगी आपलीच, असे मार्क दुसरीकडं पडतच न्हाईत. — जिल्हा परिषदेच्या शाळेत पडले? ते ठीक हाय, पडतात एखाद वेळी. पन सांगायचं नसतंय.

थांब, मेनू सापडला. पसंती... स्क्रीन... दिशा. हे बघ की, इथंच होतं आन मी दुनिया हिंडून आलो. डावीकडं का उजवीकडं? डावी करू. देवाचं नाव घे — माय माय माय! हे तर शीर्षासन झालं! सगळे टॉपर डोक्यावर उभे. हसू नको. बरं हस, हसली तर एकदा. आल्यापासून तोंड असं केलंस की मलाच वाटलं, निकाल माझा लागलाय.

बाहेर बाकड्यावर चार मानसं बसलीत, ती तुझ्याच गावची ना? त्यांच्याच जीपमधी आलीस? हां — तो पागोटेवाला, नरसिंग मामा, सकाळीच मला म्हनला, आमच्या गावची रेणुका तुमच्याकडं शिकून पहिली आली, आमची पोरं बी तिथंच घालू. मोबाईलवर आपली जाहिरात बघितली म्हने. आता तूच सांग, हे पुन्याचं काम हाय का न्हाई? खेड्यातली पोरं तुझ्या नावानं लातूर बघतील. — त्यांना वाटलं तू मे महिन्यात आली होतीस क्लासला? का, कुठं गेली होतीस मे महिन्यात? — उदगीरला, मावशीकडं. बघ, आमच्या मागं दैव बी कसं उभं ऱ्हातं! आमी बोललोच न्हाई, लोकांनीच जुळवून घेतलं. — मग जीपमधी का सांगितलं न्हाईस त्यांना? एवढ्या लांबच्या रस्त्यात? — मोठ्या मानसांत बोलता येत न्हाई. चांगलं हाय की. मुलीच्या जातीला शोभतं ते. तसंच ऱ्हा आज दिसभर.

आता उजवी करतो. हां... हां... आला! उभा राहिला गं! बघ, बघ, सगळे कसे सुतात आले. आता मान सरळ करून बघ स्वतःकडं. वर, पहिल्या रांगंत, कोपऱ्यात. टी-शर्ट शोभतोय का न्हाई? आपल्या क्लासचा हाय, कॉम्प्युटरवर चढवला. तुमच्या ग्रामपंचायतीच्या सत्काराचा फोटो होता ना, त्यातून कापली तुला. गळ्यात हार होता, तो ठेवला, निस्ता शाळेचा ड्रेस बदलला. — हात? कोनता हात? — आरं, हाव की. खांद्यावर कोनाचा तरी हात हाय. आडवं होतं तव्हा दिसला न्हाई. बांगड्या बी हायेत. — उज्वला मॅडम? तुझ्या शाळेच्या? तुझ्या बाजूला उभ्या होत्या का? मग बराबर हाय, त्यांना कापलं, हात तेवढा राहून गेला. सांगतो डिझाईनवाल्याला. का सांगू लोकांना, सरचाच हात हाय म्हनून? बांगड्या पुसाव्या लागतील.

आगं, रडतीस कशाला! काय म्हनल्या मॅडम, जाहिरात बघून? रागावल्या? — न्हाई? — निस्तं विचारलं, रेणुका, तू क्लास लावला होतास का गं, मला सांगायचंस — एवढंच? मग त्यात रडन्यासारखं काय हाय? — शाळा सुटल्यावर वऱ्हांड्यात बसवून शिकवत होत्या. रोज. बरं. फुकट? फुकट शिकवलेलं ऱ्हात न्हाई बाई डोक्यात... न्हाई, तुझ्या राहिलं, ते दिसून राहिलं. — आन त्यांचा नववीचा वर्ग तुटंल, ह्या चौघांची पोरं इकडं आली तर. हां. आता ते... ते मला काही मालूम नव्हतं. पन बाई, मी पगारी मानूस. फोटो मी ठरवत न्हाई, मी निस्तं चढवतो.

आन तुला वाटतंय तूच एकली? मग ऐक, तुझं मन हलकं होईल. हा चष्म्यावाला बघ — समोरच्या क्लासच्या बोर्डावर बी हाच हाय. भांडन? कशाला भांडन? त्यांनी त्याला गनिताला धरलं, आमी सायन्सला. खरं म्हनशील तर तो दोघांकडं बी नव्हता, किनवटच्या वसतिगृहात होता. ही तनुजा दोन सालाखालची. निकाल गेला, फोटो राहिला, चांगला निघालाय म्हनून. आन हा मधोमध, सगळ्यात मोठा, हा सत्यम. सरचा मुलगा. तो आपला हाय, शंभर टक्के — न्हाई, शिकायला हैदराबादला असतो. इथं सरनी घातला न्हाई. का न्हाई घातला? — आता... इथं गर्दी लई असती बाई. एका वर्गात एवढी पोरं कोंबतात की मागच्या बाकावर सरचा आवाज बी जात न्हाई. बापाचं काळीज असतंय शेवटी — हे बाहेरच्या मामाला सांगू नको.

बरं, शब्द दिलाय तर पाळतो. सरला सांगीन, मशीननं खाल्ला. मशीनचं नाव सांगितलं की सर गप बसतात. माऊस न्हाई, टच हाय — फोटोवर बोट दाबून धरायचं, की विचारतंय काढू का, हाव म्हनायचं. हा तुझा कोपरा. दाबला... हाव... आं? तू तर हायेसच. मग गेलं कोन? — खालच्या कोपऱ्यात पांढरं पडलं. चष्म्यावाला गेला! आरं, मी वर दाबलं, हे खाली लागलं! थांब, पुन्हा, जरा सरकून. दाबला... तनुजा गेली. भुताटकी हाय का काय! — काय म्हनलीस? — चित्र फिरवलं, पन टच फिरला न्हाई? म्हंजे ह्याच्या डोक्यात पडदा अजून आडवाच हाय? बोट लावायचं उभ्याला आन लागायचं आडव्याला? मग टचला बी वेगळं सांगावं लागतंय, की बाबा, तू बी वळ. घरातल्या म्हाताऱ्यावानी झालं, सगळं घर वळतंय, एकाला मागून वेगळं सांगावं लागतंय. कुठं असंल ती सेटिंग? शोधायला टाईम कुठं हाय, गाडीचा आवाज आला बघ. निदान बोटाचे डाग तरी पुसतो, लई दिसून राहिलेत मधी, रुमाल दे तो —

न्हाई! न्हाई न्हाई न्हाई. सत्यम गेला. सगळीकडं चुकतंय आन मधोमध तेवढं बराबर लागतंय! बापाच्या उद्घाटनाला पोरगा पुसला मी, रुमालानं. परत कसा आनू? परत आनायचं कुठं असतंय? आले, आले ते, जिन्यात आले. बाई, आता तुझाच आधार. ऐक, तुझा फोटो राहू दे आज, ताजी टॉपर आता तू एकलीच दिसून राहिलीस. फोटोच्या खाली उभी ऱ्हा. बोलू नको काही, तुला तसं बी बोलता येत न्हाई. निस्तं हस. उद्या काढतो, आईची शपथ —

या सर, या साहेब, या! हार इकडं आना रे. सर, ते मधलं पांढरं, तो डिझाईनचा भाग हाय, सस्पेन्स. मामा, तुमी बी या, सगळे आत या, बसा. साहेब, ही आपली यंदाची टॉपर, रेणुका, खास देगलूरकडून आलीय सरचा आशीर्वाद घ्यायला. लाजाळू हाय जरा, बोलत न्हाई. — साहेब विचारून राहिले, किती दिवस होतीस क्लासला? मी सांगतो साहेब, तसं बघितलं तर — हां? तिलाच बोलू द्या म्हनता? द्या की. पन ती बोलत न्हाई साहेब, सवयच न्हाई तिला, उगी —

काय म्हनलीस गं?

— न्हाई साहेब, मोठ्यानं कशाला, मी ऐकलं, मी सांगतो — बाई, बास. बास की. — हां, आज पहिल्यांदाच आली म्हनती. हां, जिल्हा परिषद. उज्वला मॅडम, हां, वऱ्हांड्यात, हां, ऐकलं सगळ्यांनी, हळू बोल आता, आवाज घुमून राहिला. सर, माझ्याकडं असं बघू नका, मी निस्तं चढवतो. मामा! मामा, बसा की, चहा येऊन राहिला, पोरांचे अर्ज तर — जीपची चावी कशाला काढता? आगं, ह्यांना सांग ना... न्हाई, तू नको सांगू, तू काहीच सांगू नको.

बोर्ड काळा का पडला? साहेब, लाइट गेली. गेली हो, एकदम गेली, आपल्याकडं हेच हाय. — हा प्लग? हा असाच हातात आला माझ्या. — पंखा? पंखा इन्व्हर्टरवर हाय साहेब. ट्युबलाइट बी. — हाव सर, आलो सर, केबिनमधी येतो, दार लावून घेतो.

तू जा गं. उभी काय राहिलीस? तुझ्या गावची जीप थांबलीय खाली, हॉर्न वाजवून राहिले ते. जा माय. निघाला तुझा फोटो.