सासूबाईंच्या डोक्याची पट्टी

नर्सिंग करायचं तर घरच्यांची साथ लागते म्हणतात. माझ्या सासूबाईंनी डोकंच पुढं केलं. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं आणि मला डोक्याची पट्टी जमत नव्हती. त्यांना खुर्चीत बसवून बांधत होते, तेवढ्यात उघड्या दारातून शेजारच्या कमलकाकूंनी पाहिलं. नळाच्या पाण्यावरून दोघींचं उन्हाळ्यापासून बोलणं बंद होतं.

काकू धावतच आत आल्या. "अगं बया, काय झालं गं हे? उगंच भांडले मी. चुकलं माझं."

मी खरं सांगणार, तर सासूबाईंनी माझा हात दाबला आणि बारीक आवाजात कण्हल्या.

परीक्षा झाली तरी पट्टी डोक्यावरच. काकू रोज शिरा घेऊन यायच्या, दोघी पोटभर बोलायच्या.

"आई, आता सोडू का?"

"नको गं. ही परत रुसली तर?"

शेवटी काकूच हटून बसल्या, "मला जखम बघायचीय. सोड पट्टी माझ्यासमोर."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मी पट्टी सोडली. काकूंनी केस पांगवून सगळं डोकं चाचपलं, मग माझ्याकडं वळल्या.

"पोरी, लई गुण हाय तुझ्या हाताला. साधा वणसुद्धा राहिला नाय!"