लहानूभाऊचं बोट

मायबाईहो, भाऊहो, तलावाच्या पाळीवर आज पाय ठेवाले जागा नाई, इतके जन आले. मले बोलता येत नाई. म्हंजे फालतू लय येते, तुमाले माईत आहे. कोंबड्याले निळा रंग कोनं मारला? मी. मास्तरच्या सायकलची घंटी बैलाच्या गळ्यात कोनं बांधली? मीच. पन आज मस्करी नाई, लहानूभाऊची शोकसभा आहे.

परवा सकाळी आपल्या लहानूभाऊले वाघानं इथूनच ओढलं. जाळं पायात गुतलं होतं. जाळ्यासकट ओढलं. मी मागं धावलो. गवत लाल. मानेचं हाड बाहेर. एक पाय पुढं झुडपात भेटला. डोळे उघडे होते. आन जाळ्यात मासोळ्या अजून तडफडून राह्यल्या होत्या.

मंग आपन काय केलं? वनरक्षक पोरगा पंचनाम्याले आला, त्याले धरलं. काठ्यांनं हानलं. डोकं फुटलं त्याचं. सगळ्यात जास्त मी हानलं. काऊन? आयका.

मागच्या उन्हाळ्यात एक मॅडम टॅब घेऊन आली होती. म्हने, "गावात सिमेंट किती लागलं, रिसॉर्ट किती झाले, ते नाई इचारत. तुमी सुखी आहा का, ते इचारतो. ज्या गावाले जे दुखते, तिथी तेच काम आधी होईन." चांगली बाई. मी तिच्यासोबत फिरलो. पडद्यावर तोंडं होती, रडक्यापासून हासऱ्यापर्यंत. मी घराघरात कानात सांगतलं, "हासरं दाबा, मिक्सर भेटते." हासता काऊन? लहानूभाऊच्या कलाबाईनं त दोनदा दाबलं!

लहानूभाऊ इथीच जाळं झटकून राह्यला होता. मॅडमनं इचारलं, "पान्यावर एकटं येताना भीती वाटते का?"

तो म्हने, "वाटते. लिहा मॅडम. पयले बाया इथी गाने म्हनत यायच्या. आता पान्याची गुंडी वाजवत येतात, वाघ हटावा म्हनून. गाव सुखी झालं का, ते पाहाचं असन त बायांचा आवाज आयका."

त्यानं रडकं तोंड दाबलं. उमटेच ना. जाळं ओढून ओढून बोटं घासलेली, वरून मासोळीचा चिकटा. मॅडमले फोन आला, ती बाजूले झाली. भाऊ म्हने, "बाबू, तूच दाब न रे."

मी दाबलं. हासरं.

एक रडकं आलं असतं त सगळं गाव हासरं कराची माही मजा गेली असती न! म्हनलं, "झालं भाऊ." तो म्हने, "जीता राह्य."

मी जीता आहो.

गाव सुखी निघालं. रस्त्यावर 'सुखी गाव' अशी पाटी लागली. जाळीचं कुंपन आन गस्तीची टोळी बाजूच्या गावाले गेली. त्याईनं खरं सांगतलं होतं.

काल मी कलाबाईच्या पायाशी बसून हे सांगतलं. तिनं चप्पल काढली. हे पाहा वळ. मारता मारता म्हने, "मले एकटीले सांगून काय होते रे मुडद्या? माह्या मानसाच्या सभेत सांग." म्हनून सांगून राह्यलो. तो वनरक्षक चंद्रपूरले दवाखान्यात पडला आहे. तो मार माहा होता.

सरपंचभाऊ, मघाशी तुमी म्हनले, पाटी राहू द्या, पाटी पाहून पावने थांबतात. पाटी नाई आता. सकाळीच कुऱ्हाडीनं कापली. मले मारा, पोलिसात द्या. पन उद्या मॅडम फिरून येनार आहे. आपलं आपन दाबा. ज्याचं बोट उमटत नाई, त्यानं बोंबलून सांगा. माह्या हातात टॅब देऊ नका.

आता उभे राहा. लहानूभाऊसाठी चूप राहू. नुसतं चूप नाई, कान देऊन. पाळीवरून एखाद्या बाईचं गानं येते का, ते आयकू.

जेवढा वेळ येत नाई, तेवढा वेळ हात जोडूनच राहू.