आयडा मॅकरेची दुसरी पिन

(सुपीरियर सरोवराकाठचं एक गाव. जानेवारीतली दुपार, पाणी गोठलेलं, जहाजं धक्क्याला बांधलेली. बार्जवरचा, म्हणजे बिनइंजिनाच्या मालवाहू जहाजावरचा, जुना खलाशी लाईल ड्युफॉल्ट याचं स्वयंपाकघर. त्याच्या दोन्ही हातांना बँडेज. बायको व्हर्ना चुलीपाशी. दारात ती बार्ज ढकलणाऱ्या टगबोटीची कॅप्टन कार्ला सालो.)

व्हर्ना : ...म्हणजे आता सवड झाली होय, कॅप्टनबाई! हा इस्पितळात पडला होता तेव्हा नाही सुचलं.

कार्ला : आले होते. तुम्ही दारातूनच परत पाठवलंत.

व्हर्ना : मग आज कुणी बोलावलं?

लाईल : मी. आणि बाई उभी आहे, व्हर्ना. खुर्ची तरी दे.

व्हर्ना : खुर्ची समोर आहे. ओढून घेईल. बोटं दहाच्या दहा आहेत तिची.

लाईल : बस गं पोरी. हिचं मनावर घेऊ नकोस.

कार्ला : घेण्यासारखंच बोलतायत त्या.

लाईल : उद्या त्या रात्रीच्या अपघाताची चौकशी आहे. तिथं परक्यांसमोर एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा आधी इथं बोलून घेऊ, म्हणून बोलावलं.

कार्ला : मी काय सांगणार ते ठरलंय. तुम्ही बार्जवर होतात, आणि मी पिन काढून टग सोडवली.

व्हर्ना : ऐकलंस? स्वतःच्या तोंडानं सांगतेय!

लाईल : तुला पिन म्हणजे काय ते तरी माहीत आहे का?

व्हर्ना : मला कोण सांगतंय? घरी आलास की मासे नि हवामान, यापलीकडे तुझं तोंड उघडलंय कधी?

लाईल : मग आता ऐक. आमची बार्ज, आयडा मॅकरे, मुळात आगबोट. माझा बाप तिच्या बॉयलरवर होता. पुढं तिचं इंजिन काढलं, मागचा भाग कापला आणि तिथं मोठी खाच ठेवली. आता टग त्या खाचेत नाक खुपसते. टगच्या दोन्ही कुशींतून माणसाच्या कमरेएवढी जाड एकेक पोलादी पिन बाहेर सरकते नि बार्जच्या दात्यांत घट्ट बसते. त्या दोन पिनांवर सगळा संसार. टग ढकलते, बार्ज वाहते.

व्हर्ना : मामंजी म्हणायचे, घोडी मारून तिची गाडी केली.

लाईल : पुन्हा धक्क्यावर पाऊल नाही टाकलं त्यांनी. मी मात्र तिच्यावरच राहिलो. इंजिन गेलं तरी पोट तेच होतं तिचं. दगड, खनिज, गहू, काय नाही वाहिलं!

व्हर्ना : आणि त्या पोटासाठी तू मरायला गेलास.

कार्ला : मीच पाठवलं त्यांना. लाटांनी पुढच्या हॅचचं, माल भरायच्या तोंडाचं, झाकण उचकटलं होतं, पाणी आत जात होतं. पंप बार्जवरूनच सुरू करावा लागतो. तेव्हा वारा इतका नव्हता. दुसऱ्या कुणाला त्या काळोखात वाट सापडली नसती.

लाईल : पाठवलं कसलं! ‘जाऊ का’ म्हणून मीच विचारलं.

कार्ला : ते पुढे पोचले आणि डावी पिन तुटली. टग एकाच पिनेवर पिळवटायला लागली. मागच्या डेकवर पाणी चढलं. सहाजणं होतो आम्ही. स्वयंपाकीण तर पहिल्याच फेरीला आलेली. रेडिओवर यांना हाका मारल्या. उत्तर नाही. आणखी दोन लाटा घेतल्या असत्या तर टग उलटली असती.

व्हर्ना : म्हणून सोडलंत.

कार्ला : हो. सोडलं.

लाईल : पण मीच सांगितलं होतं तसं! रेडिओवर ओरडलो, ‘कार्ला, दुसरी पिन काढ, निघा.’ उद्या हेच सांगणार आहे मी.

कार्ला : नका सांगू.

लाईल : का? खोटं आहे?

कार्ला : तुम्ही म्हणाला असाल. पण माझ्यापर्यंत आलं नाही, लाईल. माझ्या रेडिओत नुसती खरखर होती. तुमची परवानगी घेऊन नाही काढली मी पिन. तुम्हाला न विचारता काढली. ‘कॅप्टननं ऐकलं आणि मग सोडलं’ असं त्यांनी लिहून घेतलं, तर ते खोटं होईल.

लाईल : मग मी सांगतो मी म्हणालो, तू सांग तुला ऐकू नाही आलं. दोन्ही खरं.

व्हर्ना : खरंच म्हणालास का रे? की हिला वाचवायला?

लाईल : व्हर्ना, माझ्याकडे बघ. पायाखाली दणके बसत होते. मागं टग आपटत होती, प्रत्येक आपटीला वाटायचं, आता पोरं गेली. मग एकदम दणके थांबले. मला काय वाटलं असेल?

व्हर्ना : एकटा पडलो, असं.

लाईल : ते नंतर. आधी वाटलं, सुटली बिचारी. मग नांगर टाकायला पुढं सरकलो. वीज गेलेली, म्हणून नांगराचा ब्रेक हातानंच सोडला. साखळी धडधडत गेली. नांगर धरला नसता तर खडकावर फुटलो असतो. हातमोजे तिथंच गेले. सकाळी हेलिकॉप्टर येईपर्यंत कप्तानाच्या जुन्या केबिनमध्ये ताडपत्री गुंडाळून पडून होतो.

व्हर्ना : हे मला आज सांगतोयस.

लाईल : तू विचारायचीस, ‘तिनं का सोडलं?’ याचं उत्तर माझ्याकडे नव्हतंच. तिच्याकडे होतं.

व्हर्ना : मग तिलाच विचारते. कॅप्टन, पिन निघाली तेव्हा काय झालं?

कार्ला : टग हलकी झाली. एकदम सरळ उभी राहिली. खाली सगळे आनंदानं ओरडले. मला त्या हलकेपणाची अजून शिसारी येते.

व्हर्ना : आणि मग?

कार्ला : बार्जचे दिवे दिसत होते. शक्य तितकी जवळ राहिले. मग दिवे गेले. तरी तिथंच घिरट्या घालत राहिले, कंपनी ‘आडोशाला जा’ म्हणत होती तरी. रेडिओ बंद पडला तेव्हा सुकाणूच्या खोलीचं दार उघडून ओरडत होते. घसा बसेपर्यंत.

व्हर्ना : काय ओरडत होतीस?

कार्ला : काही नाही. यांचं नाव. नुसतं नाव.

लाईल : मला नाही ऐकू आलं गं.

व्हर्ना : नाही आलं तर नाही आलं. उद्या हे पण सांग, कार्ला. मी येणार आहे ऐकायला.