ऊर्सूचा रिपोर्ट आलाय

हॅलो?… हॅलो, मिस्टर मेटकाफ? मी बेरिल, प्राण्यांच्या दवाखान्यातली नर्स… हो, हो, तीच, चष्मेवाली.

…नाही, डॉक्टर नाहीत. वर टेकडीवर अॅल्डरसनची गाय अडलीये, तिकडे गेलेत. म्हणाले, बेरिल, तूच फोन कर, त्या म्हाताऱ्याला ताटकळत ठेवू नकोस.

…'म्हातारा' ते म्हणाले. मी नाही.

बरं, ऐका ना. ऊर्सूच्या रक्ताचा रिपोर्ट…

…हो, थंडी आहेच. आमच्याही गाडीच्या काचा गोठल्या होत्या सकाळी.

…टोस्ट खाल्ला? अरे वा… मार्मलेड लावून? अहो, कुत्र्याला मार्मलेड देतं का कुणी!

…त्याला आवडतं म्हणून काय झालं? बरं, ते राहू द्या. तुम्ही आधी जरा बसा, मग मी…

हॅलो?… मिस्टर मेटकाफ?… आहात ना?

…अहो, नाही! 'बसा' म्हणजे तसं नव्हे हो… बायको गेली तेव्हा, नॉर्माच्या वेळी, हॉस्पिटलातून असंच म्हणाले होते?… फोनवरच?… अरेरे. चुकलं माझं. उभे राहा. हवं तर नाचा.

…कुठे उभे आहात म्हणालात? कॅरव्हॅनमध्ये? नोव्हेंबरात कुठे सहलीला निघालात?

…अंगणातच? तिथे राहता?… हा रुमानियाहून आला तेव्हापासून? तीन महिने?

…अहो, आम्ही काय सांगितलं होतं? लेकीला, लिंडसीला दिवस गेलेत, दुसरी तपासणी होईपर्यंत कुत्र्याला तिच्यापासून लांब ठेवा. कुत्र्याला! तुम्हाला कोणी बाहेर काढलं?

…हं… हं… हो, एकटा कसा राहील तो. जन्म पिंजऱ्यात गेलाय बिचाऱ्याचा… आणि जेवण? लिंडसी पायरीवर ठेवून जाते? धन्य आहात दोघं.

…नाही हो, अपमान कसला! परदेशातून आलेलं प्रत्येक कुत्रं आम्ही बाहेर, गाड्या लावतो तिथेच तपासतो. गाऊन, मास्क, हातमोजे, सगळं चढवून. आत लोकांच्या गाभण कुत्र्या असतात ना. ब्रुसेलाचे जंतू ते, त्यांनी गर्भ पडतो, माणसालाही लागतात. आणि रक्तात उशिरा दिसतात, म्हणून तर दुसरी तपासणी.

…शेजारीण बघत होती? बघू दे. तिला काय उद्योग आहे दुसरा!

…हो… हो, खोटं कशाला बोलू? ते जंतू औषधाने पुरते जात नाहीत. निघालेच तर डॉक्टर इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचाच सल्ला देतात.

…चादर? कुठली चादर?… नॉर्माची?… धुऊन ठेवलीत? त्याला गुंडाळायला?

…मिस्टर मेटकाफ, आता तुम्ही गप्प बसा. उभ्या उभ्या गप्प बसा. काही नाहीये त्याला. आल्यावरचा रिपोर्ट चांगला होता, हाही चांगला आहे. काही म्हणजे काही नाही.

…हो, नक्की. कागद हातात आहे माझ्या.

…हॅलो?

…रडा, रडा. मला कुठे घाई आहे! मीही रडतेय. इथे एक मांजरवाली बाई टक लावून बघतेय माझ्याकडे.

…ती चादर त्याला अंथरायला घ्या आता. शेकोटीपाशी. नॉर्मा काही रागवायची नाही.

…तर! घरातच. लिंडसी आहे ना आत? मग चला, दार वाजवा… नको, फोन नका ठेवू, मलाही ऐकायचंय.

…काय झालं?… उंबऱ्याशी अडलाय?… अहो, घर कधी पाहिलंय त्याने! ओढू नका. हाक मारा.

…रुमानियन? तुम्हाला?… कोणी शिकवलं?… गाड्या धुणाऱ्या त्या रुमानियन पोरांनी? म्हणून दर आठवड्याला गाडी धुऊन घेत होतात होय! तरी म्हटलं, या माणसाच्या गाडीत हल्ली तोंड कसं दिसतं!

…हो, म्हणा ना. लाजताय काय?

…'हाइदे, अकासा'… म्हणजे काय हो?

…'चल, घरी.'

…

…आला?… ती लिंडसी का?… हसतेय की रडतेय?

…नाही, काही नाही. म्हटलं, तुम्हीही या आत. तुम्हीही तीन महिन्यांनी घरी येताय…

मिस्टर मेटकाफ?… हॅलो?

…बरं, असू दे. दार तेवढं लावून घ्या. गारठा आहे बाहेर. ठेवते मी.