कूलरखालचं प्लास्टिक

…नाही, कॉम्प्युटरचं कॅबिनेट चांगलंच आहे, रंगनाथराव, त्याला मी नाव ठेवत नाही. जाळ्या काढा-घाला, आतले कप्पे हवे तसे हलवा, एका बाजूला काच — पण नुसतं कॅबिनेट हुशार असून भागतं का? बांधणाराला अक्कल लागते. तुमच्या मुलीनं, पूजानं बांधलंय ना? मोबाईलवर बघून? तेच. हल्ली सगळ्यांनाच येतं. आणि दोन मिनिटांत बंद पडतं म्हणता — पडणारच. सव्वीस वर्षं झाली मला अकोल्यात कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागून, क्लासबिस काही नाही, जे शिकलो ते उघडून बघून, आणि प्रत्येक मशीन वहीत लिहिलंय.

हे बघा. सापडलं. प्रोसेसर थंड ठेवायला हा कूलर, त्याच्या तळाला हे पातळ प्लास्टिक — काढलंच नाही. उष्णता जाणार कुठून? खोडच आहे आपल्याकडं, रिमोटचं प्लास्टिक काढायचं नाही, गाडीच्या सीटचं काढायचं नाही, नवं दिसलं पाहिजे — काय, फोटो? काढा की. दाखवा तिला, पाहुण्यारावळ्यांना दाखवा. माझ्या वहीत पण अशीच एक पट्टी चिकटवलेली आहे, थांबा — हं, अकरा मार्च दोन हजार एकोणीस. ‘हुमेरानं पहिला कॉम्प्युटर बांधला. कूलरचं प्लास्टिक तसंच. चार गिऱ्हाइकांना बोलावून दाखवलं. सगळे हसले.’ हुमेरा म्हणजे माझी मुलगी. खाली — खाली काही नाही. ‘वायरी माझ्यापेक्षा नीट बांधल्यात.’ लिहिलं फक्त. बोललो नाही. त्यानंतर ती दुकानाची पायरी चढली नाही — पुण्यात असते, फोन आईला करते, आई मला सांगते बरी आहे म्हणून.

मोबाईल खिशात ठेवा. ठेवा म्हणतोय ना. काढलेला फोटो पण पुसा — माझ्यासमोर. तुम्हाला स्वतःला एक स्क्रू लावता येत नाही आणि निघालात पोरीला हसायला. पट्टी मिळणार नाही, ती माझ्याकडं राहील. पूजानं विचारलं तर सांगा, कूलर सैल होता, दुकानदारानं आवळला. वहीत मी खरं लिहीन, तुम्ही खोटं सांगा. आणि वायरी — हे मागून बघा, एकही लोंबत नाही — वायरी चांगल्या बांधल्यात म्हणावं. फक्रुद्दीन म्हणाला असं सांगा, तुमच्या सांगण्याला किंमत नाही, तुम्हाला त्यातलं कळत नाही.

कूलर बसवला परत, दोन मिनिटं होऊन गेली, चालूच आहे, बघितलंत? उचला आता. काच अंगाकडं धरा. — गेला नाहीत अजून?