सावली इथवरच!

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न, मग आख्यान. उद्या शाळेच्या मैदानावर सामुदायिक सूर्यनमस्कार आहेत — बरोबर? फलक लागले, सतरंज्या आल्या, पांढरे टी-शर्ट वाटून झाले. सरपंचही येणार म्हणतात! हसू नका, हसू नका! त्यांचं पोट थोडं आडवं येईल, पण भाव मोठा आहे!

उद्याचा दिवस वर्षातला सगळ्यात आखूड. दक्षिणेला निघालेला सूर्यनारायण उद्या थांबतो आणि पुन्हा आपल्याकडं वळतो. त्या वळणाला नमस्कार घालायचा. घाला! जरूर घाला! पण मला एवढंच सांगा — नमस्कारात नेमकं वाकतं काय? कंबर वाकते. गुडघा वाकतो. मान वाकते. आणि माणूस? माणूस वाकतो का हो?

झालं! सगळे गप्प! मघाशी सरपंचांच्या पोटावर हसताना कसा आवाज फुटत होता! बरं, तुम्ही नका सांगू. कोयतेवाडीचा कोंडिबा सांगेल. पेटीवाले, सूर धरून ठेवा, आपण कोयतेवाडीला निघालो!

कोयतेवाडी म्हणजे सह्याद्रीतली पंधरा-वीस उंबऱ्यांची वस्ती. पूर्वेपासून दक्षिणेपर्यंत कोयत्यासारखा वळलेला उभा कडा, आणि त्याच्या पायाशी घरं. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा अख्ख्या वाडीत ऊन. पण दिवाळी झाली, की सूर्य कड्याच्या मागं मागं सरकायला लागतो आणि कड्याची सावली पुढं पुढं! आज या घराच्या ओट्यावर, उद्या अंगणात, परवा तुळशीवर. तिथल्या लोकांचा सूर्योदय दुपारच्या जेवणाला होतो बघा!

आणि ही सावली जाते कुठवर? तर एका धोंड्यापर्यंत! शेलारांच्या अंगणात मधोमध एक धोंडा रोवलेला. कुण्या पणज्यानं रोवला देव जाणे. वर्षातल्या सगळ्यात आखूड दिवशी भरदुपारी सावलीची कड येऊन त्या धोंड्याला टेकते. टेकते आणि थांबते! एक बोट पुढं नाही! त्या दिवशी सारी वाडी शेलारांच्या अंगणात गोळा होते. घरातला थोरला त्या धोंड्याशी उभा राहून बारा सूर्यनमस्कार घालतो आणि शेवटी हात वर करून ओरडतो — ‘सावली इथवरच!’ की वाडी ओरडते — ‘पुढं नाही!’ मग गूळ वाटतात. बास, एवढाच सण. मांडव नाही, टी-शर्ट नाही!

आता शेलारांच्या घरातला थोरला म्हणजे आपला कोंडिबा. साठीचा गडी, पण अंग कसं, तासून काढलेलं! रोज अंघोळ करून नमस्कार. एक दिवस चुकला नाही. आणि धाकटा लुमाजी. लहानपणी दादाच्या शेजारी उभा राहून नमस्कार घालायचा. घालायचा कसला! खाली लोटांगणात गेला की तिथंच झोपायचा! कोंडिबा त्याला उचलून ओसरीवर नेऊन ठेवायचा. असा जीव होता भावाभावांचा.

पुढं लुमा मिसरूड फुटायच्या आत पुण्याला कारखान्यात गेला. आयुष्य तिकडं काढलं आणि एका वैशाखात बायकोला घेऊन घरी परत आला. म्हणाला, ‘दादा, आता इथंच राहीन म्हणतो. आपली वाटणी करून टाकू.’ हसतखेळत वाटणी झाली! अंगणात दोरी टाकायची वेळ आली. लुमा काय म्हणाला? ‘दादा, कुठनं धरायची ती तूच धर. तू देशील ती बाजू माझी.’

कोंडिबानं दोरी धरली. कुठनं धरली? धोंड्यापासनं! धोंड्याच्या उत्तरेचं अंगण आपल्याला. दक्षिणेचं, कड्याच्या बाजूचं, तिथल्या खोल्यांसकट लुमाला. खुंट्या ठोकल्या. दिवस वैशाखाचा! अंगणभर ऊन रणरणतंय. इतक्या वर्षांत हिवाळ्याची सावली लुमाच्या ध्यानातनं गेलेली; त्याला वाटलं, दोन्ही बाजू सारख्याच. मंडळी, आलं का ध्यानात? हिवाळ्याची सावली जिथवर येते, तिथवर सगळं धाकट्याचं! सावली जिथं थांबते, तिथनं पुढं सगळं थोरल्याचं! वाडीला कळलं नव्हतं का? कळलं होतं. पण भावाभावांच्या वाटणीत तोंड कोण घालणार? आपण घालतो का? आपण घरी जाऊन बायकोच्या कानात सांगतो!

वैशाख गेला, पाऊस गेला, दिवाळी झाली आणि सावली निघाली. लुमाची ओसरी गेली, चूल मांडलेला कोपरा गेला, वाळवण गेलं. एके दिवशी लुमा दोरीशी येऊन उभा राहिला. सरळ विचारलं त्यानं, ‘दादा, तुला ठावं होतं?’

एक शब्द पुरला असता हो! ‘होतं’ म्हणाला असता तर लुमा दोन दिवस रुसला असता, तिसऱ्या दिवशी पानाला चुना मागायला आला असता. पण कोंडिबा काय म्हणाला? ‘मला काय ठावं? ऊन-सावली देवाची!’ स्वतःचं पाप देवाच्या अंगावर! लुमा पाठ फिरवून आत गेला. त्या दिवसापासून अबोला.

आणि त्यातच बाळंतपणाला माहेरी आलेली लुमाची लेक चिमा बाळंत झाली. दिवस भरायच्या आधीच. पोरगी झाली, एवढीशी! ओंजळीत मावेल एवढी! रडायची तर ओसरीच्या पलीकडं आवाज जायचा नाही. सिस्टरबाई तपासायला आल्या, म्हणाल्या, ‘हिला ऊब पाहिजे. आईनं उराशी धरायचं, घर गरम ठेवायचं, दुपारचं जरा उन्हात घेऊन बसायचं. गारठ्याला जपा, लई नाजूक आहे.’

लुमाची बायको ठकूबाई म्हणाली, ‘ऊन आणू कुठनं?’ घरात शेगडी पेटवायची, तर धूर! बाहेर यायचं, तर गारठा! आणि ऊन कुठंय? दहा पावलांवर! दोरीपलीकडं! पिवळंधमक, नुसतं सांडलंय! चिमा म्हणाली, ‘आबा, घटकाभर जाऊन बसते काकाच्या अंगणात.’ लुमा म्हणाला, ‘त्याच्या उन्हाची भीक नको मला!’

बघा, म्हणजे धाकटाही काही कमी नव्हता! एकाला खोटं गिळवेना, दुसऱ्याला राग गिळवेना. आणि मधे ते ओंजळभर पोर काकडतंय.

कोंडिबाला दिसत नव्हतं का? रोज दिसत होतं! रोज दुपारी तो सूर्याकडं तोंड करून नमस्कार घालायचा. आता सूर्य कुठं? दक्षिणेला, कड्याच्या वर. आणि कड्याखाली काय? लुमाचं दार! म्हणजे हा गडी रोज बारा वेळा लोटांगण कुणाच्या दारापुढं घालत होता? भावाच्या! अहो, देवानंच त्याचं तोंड तिकडं धरून ठेवलं होतं! पण हा वर बघायचा तो थेट कड्याच्या माथ्यावर, आणि खाली बघायचा ते मातीत. मधल्या दाराकडं नजर नाही! त्याची बायको अनसा एकदा भाकरी थापता थापता म्हणालीच, ‘तेवढा लांबचा सूर्य दिसतो तुम्हाला. त्याच्याखाली कोण उभंय ते नाही दिसत?’ कोंडिबा जेवला नाही त्या दिवशी. पण बोललाही नाही. बोलणार कसा? पोरीला उन्हात बोलावलं, की उत्तर द्यावं लागणार — ठावं होतं का नव्हतं!

आणि मग तो दिवस उजाडला. वर्षातला सगळ्यात आखूड.

सारी वाडी अंगणात जमली. म्हातारी माणसं भिंतीशी बसली, बाया गुळाची ताटं घेऊन उभ्या. लुमाच्या दारात ठकूबाई, चिमा, आणि चौकटीला टेकून लुमा. चिमाच्या उराशी दुपटं. जो तो धोंड्याकडं बघत होता. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, आज सावली येऊन कुठं थांबणार आणि कोंडिबाला काय ओरडावं लागणार!

पेटीवाले, हळू... अगदी हळू.

सावली निघाली. काय वर्णू, मंडळी! केवढा तो कडा! केवढा तो सूर्य! कोट्यवधी वर्षं जळतोय, आणि त्याच्या उन्हातली कड्याची सावली एका शेतकऱ्याच्या अंगणात मुंगीच्या पावलानं येतेय! घोंगडं ओढल्यासारखी कड पुढं आली. आणि टेकली! धोंड्याला टेकली! थांबली! लोकांचे हात आपोआप जोडले गेले. म्हातारे दरवर्षी बघतात, तरी त्यांच्या अंगावर काटा आला. कोण थांबवतं हो तिला? कुणाचा हुकूम? तिला दोरी नाही, खुंटी नाही, साक्षीदार नाहीत! तरी तिच्या वाटणीत कधी फरक नाही!

कोंडिबा रिवाजाप्रमाणं सावलीच्या कडेच्या आत उभा राहिला, पाऊलभर आत. आता गंमत बघा! कडेपाशी उभं राहिलं, की पाय सावलीत असतात आणि तोंड उन्हात. ताठ उभा राहिला, की डोळ्यांवर सोनं! खाली गेला, की अंधार आणि गारठा!

‘मित्राय नमः!’ खाली गेला. वर आला. ‘रवये नमः!’ खाली गेला. मंडळी, सूर्याला नावं कितीतरी आहेत, पण पहिला नमस्कार कुणाला? मित्राला! तळपणाऱ्याला नाही, हिरण्यगर्भाला, म्हणजे सोन्याच्या अंड्याला नाही! आधी मित्राला! रोज म्हणत होता हा, आज पहिल्यांदा कानावर पडलं त्याच्या.

सहावा आला. ‘पूष्णे नमः!’ पूषन् म्हणजे पोसणारा. छाती मातीला टेकली, कपाळ टेकलं. उन्हाळ्यापासून तो उन्हातच नमस्कार घालत आलेला, आज कपाळाला लुमाच्या बाजूची माती लागली. बर्फासारखी! आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, दुपट्यातला. किती बारीक! मांजराच्या पिलाचा असावा तसा. कोंडिबाच्या मनात आलं — मी इथं चार श्वास राहिलो तर हाडं गारठली. ते लेकरू इथं रात्रंदिवस राहतंय.

उठला कसाबसा. सातवा, आठवा... अकरावा झाला. आता बारावा, आणि मग आरोळी. कोंडिबा ताठ उभा राहिला. तोंडावर लख्ख ऊन. वर सूर्य. आणि आज पहिल्यांदा त्यानं नजर खाली आणली. कड्याच्या माथ्यावरून कड्यावर, कड्यावरून कौलांवर, कौलांवरून दारात. दारात लुमा.

बारावा घातलाच नाही त्यानं! चालायला लागला. सावलीत, आत आत. लुमाच्या पुढं जाऊन उभा राहिला आणि साऱ्या वाडीदेखत म्हणाला, ‘लुमा, मला ठावं होतं रे. दोरी धरली तेव्हाच ठावं होतं. मुद्दाम धरली.’

आणि वाकला! बारावा तिथं घातला म्हणा ना! थोरला भाऊ धाकट्याच्या पायांकडं! लुमानं वरच्या वर धरला त्याला. लुमा एवढंच म्हणाला, ‘मग तेव्हा विचारलं तर सांगायचंस की! किती दिवस वाट बघितली मी!’

‘पोरीला आण,’ कोंडिबा म्हणाला, ‘माझ्या उन्हात आण.’ आणि लगेच स्वतःच मान हलवली, ‘माझ्या कुठल्या? उन्हात आण!’

चिमा पुढं आली. कोंडिबानं खुंटी उपटली, दोरी गोळा केली आणि धोंड्यापलीकडं घोंगडी अंथरली. चिमा पोरीला घेऊन बसली. अनसानं दुपट्याचं तोंड जरा सैल केलं. आता तुम्ही म्हणाल, महाराज, पोरगी लगेच हसली, गुटगुटीत झाली! नाही हो! असलं काही झालं नाही. पोरीनं एवढंच केलं, आवळलेली मूठ उघडली. पाच बोटं, तांदळाच्या दाण्यांएवढी, उन्हात पसरली. आणि झोपली! वाडीतल्या बाया पदर डोळ्यांना लावून रडल्या.

जगली हो, जगली! सबंध हिवाळा तिनं काकाआजोबाच्या अंगणात काढला.

पण त्या दिवशीचं राहिलंच की! लुमा म्हणाला, ‘दादा, तुझा बारावा राहिला.’ कोंडिबा म्हणाला, ‘तू मोजत होतास?’ ‘रोज मोजत होतो,’ लुमा म्हणाला, ‘दारात उभा राहून.’ मग दोघं भाऊ कडेपाशी शेजारी शेजारी उभे राहिले. पाय सावलीत, तोंडं उन्हात. ‘भास्कराय नमः!’ दोघं खाली गेले. कोंडिबा वर आला. लुमा? लुमा खालीच! लहानपणासारखा मातीवर कपाळ टेकून पडला होता. फक्त या वेळी झोपला नव्हता, रडत होता. कोंडिबानं काखेत हात घालून त्याला उठवलं.

आरोळी थोरल्यानं द्यायची. कोंडिबा लुमाला म्हणाला, ‘आज तू दे.’ मग धाकट्यानंच हात वर केला — ‘सावली इथवरच!’ आणि कडा दुमदुमला — ‘पुढं नाही!’

मंडळी, सूर्य वळला तेव्हा कुणाला दिसलं का? ढोल वाजला? नाही! थंडी दुसऱ्या दिवशी तेवढीच होती. सावली हटली हे कळायला पुढं आठ दिवस लागले. आपण तर संक्रांतीला तीळगूळ घेऊन गोड बोलायला निघतो, आणि तो तीन आठवडे आधीच वळलेला असतो, गुपचूप, सगळ्यात काळोख्या दिवशी! तो वाट बघत नाही आपण आधी वळण्याची.

उद्या मैदानावर जाल. जरूर जा. पण आज या मंडपात, मला सगळं दिसतंय इथून, या खांबाशी एकजण बसलाय आणि त्या खांबाशी त्याचा सख्खा भाऊ. नाव घेणार नाही मी! तिकडं बायकांत सासू पुढं आणि सून पार मागं, चपलांजवळ. दरवर्षी तुम्ही आख्यान ऐकता, जयजयकार करता आणि वेगवेगळ्या दारांनी घरी जाता. आज जयजयकार मी लगेच करणार नाही! आधी उठा. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या शेजारी जाऊन बसा. मी थांबतो, मृदंग थांबेल, आरती थांबेल. मला घाई नाही.

...हां. उठले बघा एकजण. या, या. बसा दादांच्या शेजारी.

आता हात वर करा सगळ्यांनी, आणि बोला माझ्याबरोबर — सावली इथवरच!