शेठच्या दाढा

हॅलो?… हॅलो, ताई? अगं, किती फोन लावले तुला… हो, कळलं, जहाजावर रेंज नसते. आधी ऐक, शेठ बरा आहे… बरा आहे म्हणजे, आजारी होता… नाही, आता नाही. अगं ऐक ना, सगळं सांगते.

तू तुझ्या या शेठला, या केसाळ चिंचिला उंदराला, आमच्याकडे सोडून गेलीस, सुरुवातीला स्वारी मजेत होती. मग बाबांच्या लक्षात आलं, हा वाटीपाशी जातो, दाणा उचलतो आणि टाकून देतो. हनुवटीखाली केस सारखे ओले… हो, लाळ. बाबांना वाटलं, पाणी सांडून घेतो. निघाले शाम्पूने धुवायला… नाही, नाही धुतलं. मी आडवी आले ना. त्या दाट केसांत पाणी शिरलं की वाळत नाही, तूच बजावून गेली होतीस.

मग तोंडात काही अडकलंय का बघायला बाबांनी त्याला धरला. तो निसटला, आणि बाबांच्या मुठीत केसांचा हा एवढा पुंजका. शेठच्या पाठीवर टक्कल… हसू नकोस गं, बाबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी याला मोडून ठेवला," एवढंच बाबा म्हणत होते. तसेच निघाले, घरातल्या सपाता घालून, दवाखान्यात.

हो… हो, प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई. त्या म्हणाल्या, हा घाबरला की केस सोडून पळतो, येतील परत. खरा घोळ दाढांचा. त्या जन्मभर वाढत राहतात म्हणे, सुकं गवत चावून चावून झिजायला हव्यात. याच्या जिभेला टोचत होत्या… भूक होती गं, खाता येत नव्हतं. घासायच्या तर भूल द्यायला हवी. आणि एवढासा जीव, भुलीतून उठेलच असं नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

… तुलाच लावत होते ना फोन. लागेना. बाबांनी विचारलं, ती इथे असती तर काय म्हणाली असती? मी पुन्हा तुझा नंबर लावला. तेव्हा बाबा म्हणाले, "भरल्या वाटीपुढे याला उपाशी नाही मरू द्यायचं. करा, डॉक्टर."

… आम्ही? बाहेर बाकावर. दार उघडलं तर बाईंच्या हातात टॉवेल, आणि टॉवेलातून मिशा हलतायत. बाबांनी पटकन दोन्ही हात पुढे केले.

मग काही दिवस पातळ खाणं पिचकारीने… मी नाही, बाबाच भरवायचे. चष्मा लावून, "घ्या शेठ, एवढा घास घ्या" करत… हो, तेच बाबा, घरात उंदीर नको म्हणणारे.

आणि ताई, बेदाणे बंद… अगं, तुझेच लाड आहेत ते. आता गवत, भरपूर गवत… आत्ता? थांब, फोन पिंजऱ्यापाशी धरते…

… ऐकू आलं? कुरुम कुरुम? स्वतःच्या दाढांनी चावतोय… ताई?… अगं, रडतेस काय?… हो, इथेच आहेत. बाबा, ताई बोलायचं म्हणतेय… नाही गं, हातानेच खुणावतायत. गप्प बस म्हणे, शेठ जेवतोय… बरं. ठेवते मग. तूही जेवून घे.